बाईंच्या कोटातलं काय कापायचं?

टेलरमास्तरांच्या इंग्रजीची धाव छाती-कमरेच्या मापांपलीकडे कधी गेली नव्हती. त्यामुळे भरदुपारी हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाईंचा मेसेज आला, तेव्हा त्यांनी तो काजं करत बसलेल्या बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला.

"कट इट आऊट! पुढं उद्गारचिन्ह आहे."

"म्हणजे?"

"कट म्हणजे कापा, आऊट म्हणजे बाहेर. कापून बाहेर काढा!"

"आणि इट?"

मास्तरांनी हँगरवरच्या कोटाकडे पाहिलं. बाई उद्या निवृत्त होणार होत्या. निरोपसमारंभात घालायला त्यांनी निळा कोट शिवायला टाकला होता. तयार कोटाचा फोटो पाठवून मास्तरांनी सकाळीच विचारलं होतं, 'काही बदल हवा का?' म्हणजे हे त्याचंच उत्तर. मास्तरांनी हौसेनं छातीवर एक कापडी फूल लावलं होतं, तेच बाईंच्या डोळ्यांत खुपलं असणार.

"अहो, फोन करून विचारा की."

मास्तरांनी तीनदा फोन लावला. बाई उचलेनात. शेवटी कात्री चालली, फूल गेलं.

दहा मिनिटांत दुसरा मेसेज. "आय सेड, कट इट आऊट!"

"फूल नव्हतं वाटतं," बायको म्हणाली.

मास्तरांनी कोट उलटापालटा करून पाहिला. कॉलर जरा रुंदच होती. जड मनानं त्यांनी कॉलर उतरवली. तोच तिसरा मेसेज. आता उद्गारचिन्हं तीन होती. दोन्ही खिसे गेले.

"तुम्ही असंच कापत राहिलात ना, तर बाईंच्या हातात नुसती बटणं पडतील."

"मग काय करू? तीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे. उद्या समारंभ, आणि बाई चिडल्यात!"

चौथा मेसेज आला. तासभर मास्तर कात्री उचलायला धजेनात; शेवटी त्यांनी डोळे मिटून डावी बाही कोपरापाशी धरली आणि कर्रकन कापली. डोळे उघडले, तर दारात साक्षात बाई! मागं त्यांचे यजमान.

"मास्तर, अहो, घोळ झाला. मी शाळेत मीटिंगमध्ये होते. हे घरबसल्या एकामागून एक विनोद पाठवत होते. मला हसू आवरेना. टेबलाखाली फोन धरून, चष्म्याशिवाय, यांना 'पुरे करा' म्हणून लिहीत राहिले, आणि सगळं गेलं तुम्हाला! घरी येऊन चष्मा लावला तेव्हा कळलं... हे काय?"

"पुरे करा?" मास्तर पुटपुटले. "'कट इट आऊट' म्हणजे पुरे करा?"

"हो. त्यात कापायचं काही नसतं."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. बायकोनं टेबलावरचं फूल, कॉलर, खिसे आणि अर्धी बाही अशी चळत बाईंच्या पुढं सरकवली. बाईंनी कोट उचलला, उजेडाकडे धरला, डाव्या बाहीतून हात घालून पाहिला.

"'इट' लिहिण्याआधी 'इट' म्हणजे काय ते सांगावं लागतं," बाई हळूच म्हणाल्या. "सर्वनामाआधी नाम. यावरून मी पोरांचे किती मार्क कापलेत! मास्तर, तुमची काही चूक नाही. चूक माझी."

"आता उजवी बाहीही अर्धी करते, कडेला पट्टी लावते," मास्तरांची बायको घाईघाईनं म्हणाली. "बिनकॉलरचा कोट उठून दिसेल. उद्या सकाळी घरपोच!"

"चालेल. नाहीतरी ट्रायलच्या वेळी ती कॉलर माझ्या मानेला टोचत होती."

इतका वेळ मागं तोंड दाबून उभे असलेले यजमान आता पुढं आले. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातांत घेतले.

"मास्तर, 'चूक माझी' हे दोन शब्द हिच्या तोंडून ऐकायला मी एकतीस वर्षं वाट पाहिली. घ्या, माझंही माप घ्या. काय वाटेल ते शिवा, काय वाटेल ते कापा!"