पोहे नको, बुंदी पाहिजे

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि त्यासाठी सर्वांत मोठं ऋण सोनवणे साहेबांचं. बीडजवळच्या एका ओतकाम कारखान्यात ते प्रयोगशाळा सांभाळत, मी त्यांच्या हाताखाली. माझ्या परीक्षेच्या दिवसांत माझी कामाची पाळीही तेच करत.

लग्नाच्या पंगतीत लाडू आला की साहेब तो मधोमध फोडत, चष्मा कपाळावर चढवून आत निरखत आणि मगच खात. यजमान घाबरत, केस निघाला की काय. साहेब फक्त बुंदीचा दाणा गोल आहे का ते बघत. साध्या ओतीव लोखंडात कार्बन पोह्यांसारखा पसरतो, म्हणून ते ठिसूळ. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम घातलं की तोच कार्बन बुंदीसारखा गोल होतो आणि लोखंड मार सोसतं. "पोहे न्हाई, बुंदी पायजे," एवढ्यात त्यांचं धातुशास्त्र संपे.

अशा लोखंडाचं पहिलं काम मिळालं, ऊसतोडीच्या ट्रॉल्यांच्या चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, ओतायचं. कारखान्याच्या शेठनी पूजा ठेवली, नारळ एका पुढाऱ्याच्या हातून फुटणार होता. रसात मॅग्नेशियम पडलं आणि फोन आला, गाडी मांजरसुंब्यापर्यंत आलीय. साहेब म्हणाले, लगेच ओता. शेठ म्हणाले, पाच मिनिटं. मॅग्नेशियम कुणासाठी थांबत नाही, ते उडून जातं. पुढारी आले, नारळ फुटला, टाळ्या झाल्या, मग ओतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एका हबचा तुकडा कापून आरशासारखा घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पोहे. शेठ म्हणाले, दुसरा कापा. तिथंही पोहे. सगळा कारखाना दाराशी गोळा झाला. वरून तर चांगले दिसतात, जाऊ द्या, असं शेठ म्हणू लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना स्टुलावर बसवून डोळा लावायला लावला.

"शेठ, ह्या ट्रॉलीवर बाया-लेकरं बसून जातेत. आता तुमीच सांगा, पाठवायचं का?"

"नको," म्हणत शेठ स्टुलावरून उठले. मग सगळे हब परत भट्टीत गेले.

पुन्हा ओतलं तेव्हा ना पूजा, ना पाहुणे. नमुन्यात नुसती बुंदी. माल रवाना झाला. संध्याकाळी बघतो तर साहेब त्याच नव्या नमुन्याचा तुकडा परत चकचकीत करत बसलेले. मी विचारलं, पास झालेला कशाला घासताय?

"पोहे होते तवा सगळे बघाया आलते," ते म्हणाले. "आज कुणीच न्हाई आलं रे."

मी स्टूल ओढलं आणि डोळा लावला.

आता मी पुण्याकडे नोकरीला आहे. साहेब निवृत्त होऊन धारूरला एकटेच राहतात. परवा त्यांना पत्र टाकलं:

"साहेब, साष्टांग नमस्कार. आमच्या इथल्या लोखंडाचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो सोबत पाठवतोय. त्यात चूक काही नाही, मला विचारायचंही काही नाही. नुसता बघा."