घड्याळजींची लय

"वेळ चुकणं आमच्या हाडातच नाही!" असं घड्याळजी म्हणाले, तेव्हाच कोणीतरी त्यांच्या पायाकडे बघायला हवं होतं. पण माणूस छाती फुगवून बोलत असला की पायाकडे कोण बघतो?

घड्याळं दुरुस्त करता करता त्यांनी एक चौकडी जमवली होती. ते ड्रम बडवत, बायको गात असे, शेजारचे दातांचे डॉक्टर गिटार छेडत आणि मेहुणा बासरी वाजवी. आधी काही ठरवायचं नाही, सुचेल तसं वाजवायचं. प्रत्येकापुढे एक लूपचं यंत्र. कळ दाबली की वाजवलेला तुकडा ते टिपून घेतं आणि घाण्याच्या बैलासारखं तोच फिरवत बसतं. त्यावर आपण पुढचं वाजवायचं. अडचण एवढीच, की चार यंत्रं चार दिशांना पळत. दोष दर वेळी मेहुण्याचा. निकाल देणारे अर्थात घड्याळजी!

"आता वाचनालयातल्या कार्यक्रमात बघा!" त्यांनी एक काळी पेटी टेबलावर ठेवली. "चारही यंत्रं वायरींनी हिला जोडायची. मी पायाने हिच्या पेडलवर ठोके देणार, ही माझी लय सगळ्यांना पोचवणार. आणि जो लयीतून सुटेल, त्याने गट सोडायचा!"

"अहो, माझा भाऊ आहे तो," बायको म्हणाली.

"लयीला नातंगोतं नसतं!"

मेहुणा नुसता हसला. "चालेल, भाऊजी."

वाचनालयाचा हॉल भरला. सुरुवात इतकी झकास झाली, की घड्याळजींनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली आणि थोपटणारा हात तिथेच थिजला. समोर त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक बसलं होतं! त्याचं घड्याळ दुकानात कधीचं पोट उघडं टाकून पडलं होतं, आणि घड्याळजी त्याला "उद्या देतो, उद्या देतो" म्हणून परतवत होते. गिऱ्हाइकाने नुसती बाही मागे सारली आणि मोकळं मनगट वर धरलं.

घड्याळजींना दरदरून घाम फुटला. आणि काय आश्चर्य! संगीत धावायला लागलं. डॉक्टरांची गिटार कुत्रं मागे लागल्यासारखी सुटली. बायकोचा संथ आलाप खारीसारखा चिवचिवू लागला. बासरी तेवढी आपली रमतगमत चालली होती.

"मेहुण्या, मागे पडतोयस!" घड्याळजी ओरडले. माइक चालू होता. सगळ्या हॉलने मेहुण्याकडे वळून पाहिलं. "सांगत होतो ना मी! हाच तो! हाच लय बिघडवतो!"

डॉक्टरांनी धावत जाऊन सगळी यंत्रं बंद केली. मग वायर चाचपत ते मेहुण्यापर्यंत पोचले आणि तिचं मोकळं टोक हातात धरून उभे राहिले.

"ही जोडलेलीच नाही!"

"अरेच्चा, विसरलोच," मेहुणा ओशाळून म्हणाला. "मी आपला सुरुवातीच्याच लयीत वाजवत होतो."

चारही यंत्रं बंद होती. काळ्या पेटीवरचा लाल दिवा मात्र अजून लुकलुकत होता, भलताच भराभर. डॉक्टरांनी दिव्याकडे पाहिलं. बायकोने घड्याळजींच्या पायाकडे पाहिलं. मग पाठोपाठ सगळ्या हॉलने पाहिलं. पाय शिलाई मशीनवर बसल्यासारखा हलत होता.

घड्याळजींनी दोन्ही हातांनी गुडघा धरला, तेव्हा कुठे दिवा थांबला. धरणी दुभंगेल तर बरं, असं त्यांना झालं. पण वाचनालयाची फरशी पक्की होती.

"नियम माझाच आहे," ते कसेबसे पुटपुटले. "मी गट सोडतो."

"सोडताय कशाला, भाऊजी?" मेहुणा म्हणाला. "या की वाजवायला. पाय फक्त घरी ठेवून या."

हॉल खो खो हसला. बायको पदरात तोंड लपवून हसली, आणि तेच घड्याळजींना जास्त लागलं.

एवढ्यात ते गिऱ्हाईक उठून जवळ आलं आणि फार मायेने म्हणालं, "घड्याळजी, माझं घड्याळ आहे तसंच परत द्या. दुरुस्त मात्र करू नका."

घड्याळजींनी मान खाली घातली.

"उद्या देतो," ते म्हणाले.

दिवा पुन्हा लुकलुकू लागला!