काकूंचा खोकला

लॅबवाले काका डोळ्यांवर पट्टी बांधून स्टेजवर उभे राहिले, तेव्हा खाली प्रेक्षकांत त्यांची लेक दोन्ही गालांत खोकल्याच्या गोळ्या धरून देवाचा धावा करत होती.

कॉलेजच्या कार्यक्रमात काका दरवर्षी मनातलं ओळखायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको आणि कॉलेजच्या लायब्ररीतल्या बाई, प्रेक्षकांकडून वस्तू घेऊन उंच धरायच्या आणि काका डोळे बांधलेले असताना ती ओळखायचे. युक्ती खोकल्याची होती. एकदा खोकलं की पेन, दोनदा घड्याळ, तीनदा चष्मा, चारदा रुमाल, पाचदा किल्ली, असं सातला छत्रीपर्यंत. गुपित दोघांतच आहे, आणि बरोबर त्याच दिवशी काकूंना खोकला कसा होतो, हे वीस वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही, अशी काकांची खात्री होती.

काकूंना जाऊन दहा महिने झाले होते. काका यंदा नाहीच म्हणत होते. पण कार्यक्रम परदेशातल्या एका शाळेसाठी होता. माजी विद्यार्थ्यांनी शब्द दिला होता की, काकांच्या दर बरोबर उत्तराला एका मुलाचं वर्षभराचं शिक्षण. वस्तू दहा. विद्यार्थी मंडळाच्या सेक्रेटरी पोरीने दहा मुलांचे फोटोच समोर ठेवले. मग काका तयार झाले. त्यांनी लेकीला गुपित सांगितलं. लेकीने आठवडाभर खोकण्याचा इतका सराव केला, की तिचा घसा खरोखरच धरला.

पहिली वस्तू पेन. लेक एकदा खोकली आणि घशात खवखवलं म्हणून आणखी एकदा.

"घड्याळ!" काका ठणकावून म्हणाले.

लोक हसले. एक मूल गेलं.

दुसऱ्या खेपेला खरंच घड्याळ आलं आणि लेकीला ढास लागली. काकांनी सातपर्यंत मोजलं, पुढचे सोडून दिले. "छत्री!"

"काका, छत्री मनगटावर कोण बांधतं?" मागून कुणीतरी ओरडलं.

तिसऱ्या वस्तूला लेक जिवावर उदार होऊन बरोबर तीनदा खोकली. तेवढ्यात शेजारचे हेडक्लार्क सवयीने खाकरले. चष्म्याचा रुमाल झाला. काकांनी मनात हिशेब केला. तीन मुलं गेली होती, आणि तीही आपल्यामुळे.

चौथ्या वस्तूला लेकीच्या घशातून आवाजच निघेना. काका वाट बघत राहिले. सभागृह शांत झालं.

आणि मग मागच्या रांगांतून एक, दोन, तीन, चार, पाच असे खोकले आले. दोनशे माणसं एका सुरात खोकत होती.

"किल्ली," काकांच्या तोंडून निघून गेलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर काकांनी हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून," कँटीनवाला पुढच्या रांगेतून म्हणाला. "काकूंनीच शिकवलंय सगळ्यांना. पुस्तक उशिरा परत दिलं की दंड नाही घ्यायच्या, खोकल्याचे आकडे म्हणून दाखवायला लावायच्या."

"आणि मला सांगितलं नाही?"

"नका सांगू म्हणाल्या. तुम्ही हिरमुसाल म्हणून." कँटीनवाला उभा राहिला. "म्हणायच्या, एखाद्या वर्षी माझं येणं झालं नाही, तर त्यांची पंचाईत नको व्हायला."

वीस वर्षं लोकांच्या मनातलं ओळखतो म्हणून काकांनी टाळ्या घेतल्या होत्या, आणि काकूंच्या मनातलं एवढंही कळलं नव्हतं.

"बाबा, पट्टी सोडू का?" लेकीने बसक्या आवाजात विचारलं.

"नको. असू दे."

प्राचार्यबाई जागेवरूनच म्हणाल्या, "पहिल्या तीन वस्तू पुन्हा घेऊ. पोरीच्या घशाची चूक मुलांच्या माथी नको." सगळ्यांनी होकार दिला. मग प्राचार्यबाईंनीच पुढची वस्तू लेकीच्या हातात दिली आणि लेकीने ती उंच धरली.

पण आता कुणालाच खोकता येईना. सगळ्यांचेच घसे दाटून आले होते. काका पट्टीआड कान देऊन उभे होते. इथे कुणी नाक ओढत होतं, तिथे कुणी. हेडक्लार्कसुद्धा.

"रुमाल," काका म्हणाले.

लेकीने हातातल्या ओल्या रुमालाकडे पाहिलं. उत्तर बरोबर होतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच, कुणीही न खोकता.