सोने विकणाऱ्यांचे शुद्धलेखन

माणसाला सुधारणे सोपे असते. त्याचे परिणाम सुधारणे कठीण.

आमची आत्या निवृत्त व्याकरणशिक्षिका. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर बोटे हलती राहावीत म्हणून डॉक्टरांनी तिला ऑनलाइन खेळ खेळायला सांगितले. तिने पहिल्याच दिवशी तलवार घेतली, खेळातल्या गावच्या चौकात पाऊल टाकले, आणि संदेश आला : ‘सो.णा सव्स्त! लग्गेच घ्या!’

(खेळातले सोने राक्षस मारून मिळवायचे असते. ते बाहेर पैसे मोजून घेणे नियमबाह्य आहे. त्यामुळे त्याला चांगली मागणी आहे. ‘सोने’ शब्द दिसला की पहारेकरी यंत्र विक्रेत्याला हाकलते. म्हणून विक्रेते तो चुकवून लिहितात.)

आत्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने उत्तर पाठवले, “‘सोने स्वस्त’ असं लिहा. दहा वेळा.”

विक्रेता शाळेत छड्या खाल्लेला गृहस्थ होता. त्याने निमूटपणे लिहायला घेतले आणि दुसऱ्या ओळीवर हद्दपार झाला.

तासाभराने तो नव्या नावाने परतला. “बाई, शुद्ध लिहिलं म्हणून पकडलो. अजून एक खातं गेलं तर नोकरी जाईल. दोन मुली आहेत हो घरी.”

आत्याला दोन दिवस अन्न गोड लागले नाही. एकीकडे छत्तीस वर्षांचे व्याकरण, दुसरीकडे कुणाच्या तरी मुली. तिसऱ्या दिवशी तिने जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि ‘सोने’ या दोनअक्षरी शब्दाचे विद्यार्थ्यांनी केलेले सत्तावीस प्रकार त्याला कळवले. “रोज नवी चूक करा. मुलींना मात्र दाखवू नका.”

त्याचा धंदा वाढला. बातमी फुटली. चारशे विक्रेते शिकवणीला आले. पण आत्या पडली आत्या : “नियम येत नसेल तर तो मोडणार कसा?” म्हणून आधी व्याकरण, मग चुका.

इकडे कंपनीने कडक उपाय योजला : यापुढे अशुद्ध शब्द असलेला प्रत्येक संदेश पुसला जाईल.

त्या दिवसापासून साडेचार लाख खेळाडू मुके झाले. चौकात आता फक्त आत्याचे विद्यार्थी बोलतात : ‘सुवर्ण अल्प दरात! विलंब नको!’ एकही वेलांटी चुकत नाही. खेळाडूंच्या तक्रारी कंपनीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे सर्वजण समाधानी असल्याची नोंद आहे.

आपण असे मुके झालो नसतो, असे आपल्याला वाटत असेलच. एका कागदावर ‘आशीर्वाद’ लिहून बघा.

हा शब्द हाताने झाकून.