जिल्हा विश्राम, वेळ दहा ते पाच

अण्णारावांच्या ‘संगम बार’कडं गल्लीतलं कुत्रंही फिरकत नव्हतं. बिअर कोमट, शेंगदाणे मऊ, आणि दुष्काळामुळं ग्लास विसळायलाही पाणी नाही. अशातच लातूर जिल्हा झाला. आता साहेब लोक येतील, या एका आशेवर त्यांनी बारचं नाव ‘जिल्हा विश्राम’ करायचं ठरवलं. हेही चाललं नाही तर कुलूप लावून गावाकडं जायचं, एवढंच उरलं होतं.

महादेवप्पा पेंटर चार महिने नव्या कचेऱ्यांच्याच पाट्या रंगवत होता. हाताला वळण लागलेलं. पिवळ्यावर काळी अक्षरं काढून त्यानं खाली सवयीनं लिहून टाकलं : ‘वेळ १० ते ५. रविवारी बंद.’

“अप्पा, बार हाय माझा,” अण्णाराव कळवळले.

“राहू द्या मालक. वजन येतंय.”

वजन आलं. त्या वर्षी कुठली कचेरी कुठल्या भाड्याच्या खोलीत उघडेल, याचा नेम नव्हता. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला रेणापूरकडच्या बाया टँकरचे अर्ज घेऊन दारात हजर. अण्णारावांनी परोपरीनं समजावलं, शेवटी वैतागून “ठेवा तिथं” म्हणाले आणि तिथंच फसले. आठवड्यात रांग पिंपळापर्यंत गेली. नेमानं पिणारा एकटा निवृत्ती, तोही रांगेत सासू बघून आल्या पावली पळाला.

गठ्ठा फेकवेना, म्हणून अण्णाराव तो कलेक्टर कचेरीत देऊन आले. कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. एका गावाला खरोखरच टँकर गेला आणि रांग दुप्पट झाली.

त्यांच्या स्वतःच्या आडात मात्र गाळ. अखेर त्यांनीही अर्ज लिहिला आणि कारकुनापुढं धरला.

“थेट घेत न्हाई. विश्राममधून गठ्ठ्यात येऊ द्या.”

“अहो, गठ्ठा मीच आणतो की.”

“मग अवघड काय हाय?”

परत येऊन ते आपलं दार ढकलणार, तोच रांगेतल्या धुरपताबाईनं त्यांच्या हातातला कागद पाहिला.

“ओ दादा, मधी घुसू नका. आमी पहाटेपासून उभ्या हाव.”

“माझंच हाय ह्ये.”

“समद्यांचंच हाय. सरकारी हाय.”

अण्णारावांच्या अंगात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. ते गुमान पिंपळाखाली, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या म्हातारीनं मागं वळून त्यांच्याकडं मायेनं पाहिलं.

“साहेब लई चांगला हाय म्हणतेत,” ती म्हणाली. “पर आज अजून आला न्हाई.”

“येईल,” अण्णाराव म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी नीट केली.