बर्फात जाऊन बसलेला माणूस

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या प्रवासानुभव समितीपुढे मार्चच्या पहिल्या शुक्रवारी एक गंभीर प्रकरण आलं. समितीचा कार्यवाह या नात्याने ते जसं घडलं तसं सांगतो. कोणाची बाजू घेण्याचा माझा स्वभाव नाही, आणि चूक हरिश्चंद्र पाटकरांचीच होती.

फेब्रुवारीच्या पंचवीस-सव्वीसला इथे राष्ट्रीय सुट्टी असते. मागेपुढे रजा जोडली की पाच दिवस होतात, आणि त्या पाच दिवसांत आमचं निम्मं मंडळ जॉर्जियातल्या एकाच डोंगरगावात बर्फ बघायला जातं. परत आल्यावर प्रपत्र हिम-तीन भरून द्यायचं असतं. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, लायसन्स, सिव्हिल आयडी असं सगळं आयुष्य कागदावर काढल्यामुळे, नुसतं जाऊन आलं की सहल झाली असं आम्हाला पटतच नाही.

प्रपत्राला अकरा रकाने आहेत. चौथ्यात बर्फाची खोली, सहाव्यात किती वेळा पडलात, सातव्यात स्कीइंग, सोबत फोटो. पाटकरांनी सातव्या रकान्यात लिहिलं होतं: ‘केलं नाही. बसलो होतो.’

अध्यक्षा शामलाताईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. शहरातल्या शर्क भागात एका ऑफिसात त्या इतकी वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवतात की चूक त्यांना वासावरून कळते.

“बसलो होतो म्हणजे कुठे?” त्यांनी विचारलं.

“खिडकीत,” पाटकर म्हणाले.

“पाचही दिवस?”

“मधे जेवायला उठलो.”

पाटकर इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहेत. आवाज मऊ, चेहरा निरागस, म्हणजे समितीला सगळ्यात त्रासदायक प्रकार. “वर्षभर लोकांना सांगतो, श्वास रोखा, हलू नका,” ते म्हणाले. “म्हटलं पाच दिवस आपणही हलू नये. चहा घेतला, बर्फ पडताना बघितला. फार बरं वाटलं.”

“बरं वाटल्याचा रकाना नाही,” मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

आता गोष्ट एवढ्यावरच थांबली असती. पण नियम चौदानुसार प्रपत्र अपूर्ण असलेल्या कुटुंबाला रंगमंचावर प्रवेश नाही. हा नियम मीच केलेला आहे आणि तो चांगला आहे. पाडव्याचा कार्यक्रम अडीच आठवड्यांवर आला होता, आणि त्यात पहिलं गाणं सुखदा पाटकरांचं होतं. बाईंनी आठ महिने रियाज केला होता. शेजारी भिंत ठोकतात म्हणून बिल्डिंगच्या तळघरात उभ्या गाडीत बसून, काचा वर करून. नवरा खिडकीत बसला म्हणून ते गाणं जाणार होतं. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याचाही रकाना नाही.

समितीने माणुसकी दाखवली. ‘प्रकृतीच्या कारणास्तव स्कीइंग शक्य नव्हतं’ असं वैद्यकीय प्रमाणपत्र आणा, असं सुचवलं. पाटकर स्वतःच्याच हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी तपासलं, गुडघ्यांचा फोटो काढला, आणि लिहून दिलं की या गृहस्थांनी स्कीइंग न करण्याचं कोणतंही कारण आढळत नाही. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. आधी नुसती हयगय होती, आता ती धडधाकट माणसाने केलेली हयगय ठरली.

मग सर्फराजभाईंनी तोडगा काढला. सर्फराजभाई मूळचे रत्नागिरीकडचे, शुवैखला त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि कोणतीही गोष्ट दुसऱ्या गोष्टीत बसवता येते यावर त्यांचा विश्वास आहे.

“वफ्र्याला आपल्या ओळखीच्याचं शेत हाय,” ते म्हणाले. “ग्रीनहाऊसच्या छपरावर पांढरं प्लॅस्टिक. लांबून फोटो काढला की कोण बोलंल बर्फ नाय म्हणून?”

“पूर्वलक्षी प्रभावाने स्कीइंग,” मी इतिवृत्तात नोंद घेतली.

पाटकर तयार झाले. स्वतःसाठी झाले नसते, सुखदाबाईंच्या गाण्यासाठी झाले. तीस डिग्रीच्या उन्हात जाड जाकीट, कानटोपी, हातमोजे घालून, पायांना खोक्यांच्या दोन फळ्या बांधून हा माणूस छपरावर चढला. सर्फराजभाई खालून मोबाईल धरून “जरा हसा” म्हणेपर्यंत प्लॅस्टिक फाटलं आणि पाटकर काकड्यांत उतरले. लागलं नाही. फोटोही आला. पण त्यात पाटकरांच्या कानटोपीवर वेल होता आणि मांडीवर तीन काकड्या होत्या.

मंडळाच्या हॉलमधल्या पुढच्या बैठकीत शामलाताईंनी फोटो नामंजूर केला. “इतक्या थंडीत काकडी येत नाही,” त्या म्हणाल्या.

इतका वेळ सुखदाबाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या. “माझ्या नवऱ्याला काकडीच्या वाफ्यात पाडलंत,” त्या म्हणाल्या. “आता पुरे. यांच्याकडे फोटो आहेत. बसल्याचे आहेत, पण आहेत. ते बघा आणि काय तो निर्णय द्या.” आणि कोणाला न विचारता त्यांनी पाटकरांचा मोबाईल हॉलच्या पडद्याला जोडला.

पडद्यावर चहाचा ग्लास आला. खिडकीची कड, ग्लास, वाफ. पाटकर रोज एक फोटो काढत होते. खिडकीच्या पलीकडे, खाली, स्की भाड्याने देणाऱ्या दुकानाचं अंगण दिसत होतं.

“हा पहिला दिवस,” पाटकर भाविकपणे सांगू लागले. “ग्लासच्या डाव्या बाजूला गुलाबी जाकिटात आपल्या शामलाताई. दोघांनी धरलंय, तिसरा फोटो काढतोय. स्की घातल्या, फोटो काढला, स्की परत दिल्या. सात मिनिटं. मी हात केला होता ताई, तुमचं लक्ष नव्हतं.”

शामलाताईंनी चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला.

“हा दुसरा दिवस. सर्फराजभाई बर्फात आडवे. नऊ वेळा आडवे झाले. दर वेळी बायकोला, सुरैयाभाभींना विचारायचे, आला का फोटो नीट?” सर्फराजभाईंच्या सहाव्या रकान्यात नऊ हाच आकडा होता, हे मला आठवलं. “आणि तिसऱ्या दिवशी...”

तिसऱ्या फोटोत सपाट जमिनीवर एक गृहस्थ गुडघे वाकवून उभा होता आणि त्याची बायको मोबाईल तिरका धरून उतार तयार करत होती. तो गृहस्थ कोण, याची नोंद इतिवृत्तात नाही. इतिवृत्त मी लिहितो.

“चौथाही दाखवू?” पाटकरांनी आपुलकीने विचारलं.

समितीने चौथा पाहण्याची गरज नसल्याचं एकमताने ठरवलं. बसणे हा हिवाळी क्रीडाप्रकार असून तो एकाग्रतेचा आहे, असा ठराव दोन मिनिटांत झाला. सातव्या रकान्याचं नाव ‘स्कीइंग अथवा बसणे’ असं झालं. पाटकरांचे फोटो समितीच्या गोपनीय दप्तरात जमा झाले. पाडव्याला सुखदाबाई इतक्या मोकळ्या गळ्याने गायल्या की पहिल्या रांगेतली समिती मान खाली घालून ऐकत राहिली.

आता तुम्ही आमच्यावर हसताय. हसा. पण तुमच्या मोबाईलवर तो डोंगरातला फोटो असेल, हात पसरलेला, ज्याला दोनशे बारा लोकांनी अंगठे दिले होते. तो जरा मोठा करून बघा. तुमच्या मागे हॉटेल आहे, हॉटेलला खिडक्या आहेत. त्यातल्या एकीत कोणीतरी चहाचा ग्लास घेऊन बसलंय, आणि तुम्हाला ओळखून केव्हापासून हात करतंय.