तात्यासाहेबांच्या खिशातला चमचा

त्या रविवारी मी चहा सुरीनं ढवळला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला चमचाच हवा होता, आणि तोही आमच्या लग्नात आलेल्या सेटमधला. दांड्यावर फूल कोरलेला, हातात घेतला की वजन जाणवणारा. (आमच्या घरात वजन असलेली तेवढीच एक वस्तू. माझ्या शब्दाला ते कधीच नव्हतं.)

ड्रॉवर उघडला. डाव होता, पळी होती, खोकल्याच्या औषधाबरोबर आलेले प्लास्टिकचे चमचे होते, आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्यासुद्धा बायकोनं धुऊन ठेवल्या होत्या. फुलाचे चमचे मात्र माझ्या केसांसारखे विरळ झाले होते.

"मंजुषा, चमचे कुठं गेले?"

"असतील तिथंच," ती लगेच म्हणाली.

इथंच मला पहिला संशय आला. एरवी माझ्या हाकेला इतक्या पटकन ओ मिळत नाही. त्यात मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट-बोल्ट कमी भरला तरी समोरच्याच्या खिशाकडं बघायची मला सवय. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो म्हणा ना.

सुरुवात मी भांडी घासणाऱ्या रूपापासून केली. थेट विचारणं बरं दिसेना, म्हणून आडून विचारलं, "रूपा, तुला चमचे आवडतात का गं?"

तिनं घासणी खाली ठेवली. "साहेब, मी चमचे घासते, खात नाय. संशय असंल तर तोंडावर बोला."

मी बोललो नाही, पण ती समजायचं ते समजली आणि यायची बंद झाली. भांडी माझ्याकडं आली. आणि मी स्वतः घासून, पुसून ठेवलेल्या चमच्यांतला आणखी एक गेला! म्हणजे चोर बाहेरचा नव्हता.

घरात आम्ही दोघं आणि पाचोडहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंना, आवडाबाईंना, दिवाळीनंतर उजव्या अंगाला हलकासा झटका येऊन गेला होता. हाताच्या व्यायामासाठी त्या शहरात आल्या होत्या. "आता हात एकदम बरा हाय," असं त्यांनी दाराआडून मला कळवलंही होतं. आमच्याकडं सासू जावयाशी दाराआडूनच बोलते. जेवायलाही त्या आतल्या खोलीत बसत, दार लावून. सासरे, म्हणजे तात्यासाहेब, त्यांच्याबरोबर आत. आणि त्या बंद दाराआडून रोज ताटावर चमचा आपटल्याचा आवाज येई. मध्येच काहीतरी खाली पडे. मग कुजबुज.

बरं, तात्यासाहेब म्हणजे मोसंबीच्या बागेचे मालक. पांढरीशुभ्र टोपी, जाकीट, गावात मान. असा माणूस जावयाचे चमचे कशाला उचलेल? पण बुधवारी ते बाहेर निघाले आणि जाकिटाच्या खिशातून ते फूल डोकावलं.

"जरा पाय मोकळे करून येतो," ते म्हणाले.

मी मोबाइलवर शोधलं. चांगल्या खात्यापित्या घरच्या माणसांना उगाच वस्तू उचलायचा आजार होतो म्हणे. माझं मन हळवं झालं. (आणि ड्रॉवरला मी त्याच दुपारी कुलूप बसवून घेतलं.) मंजुषाला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "मला सगळं कळलंय."

तिचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"या डोळ्यांनी पाहिलं. आजार आहे तो. लपवायचं कशाला?"

"आईसमोर काढू नका हं. तिला लई लागेल."

"आईंना माहीत नाही?"

"अहो, तिला कसं माहीत नसेल!"

"म्हणजे दोघं मिळून?"

"मग? एकट्यानं कसं जमणार? तात्या धरतात, आई प्रयत्न करते."

मी मटकन खुर्चीत बसलो. "आणि तू?"

"मी दाराशी उभी राहते. तुम्ही आत येऊ नये म्हणून."

अख्खी टोळी! जिच्याबरोबर सप्तपदी चाललो, ती पहाऱ्यावर. आपले पूर्वज हातानं जेवत, ते उगाच नाही. हात कुणी चोरून नेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला, तोंडाला रुमाल बांधला (उन्हाळ्यात आमचं निम्मं शहर तसंच हिंडतं) आणि तात्यासाहेबांच्या रिक्षामागं रिक्षा लावली. ते शहागंजला उतरले. गर्दीतून वाट काढत एका बोळात शिरले आणि भांड्यांना कान-दांडे जोडून देणाऱ्या सरदारभाईंच्या दुकानात गेले. चोरीचा माल विकायची जागा! मी शेजारच्या दुकानाबाहेर रचलेल्या पातेल्यांच्या आड दबा धरून बसलो.

तात्यासाहेबांनी कुलूप बसायच्या आधीच उचललेला चमचा काढला. "दांडा आजून जाड पायजे, सरदारभाई. आन् मान अशी वाकवा, तोंडाकडं."

"हौ तात्या, वाकवता. पन ह्ये स्टील लई कडक. कालचा गर्दनमेंच तुटला."

"तुटू द्या. घरात आजून हायेत."

घरात अजून आहेत! माझ्या घरात! मी त्वेषानं पुढं झुकलो आणि खांदा पातेल्यांना लागला. सगळ्यात वरचं पडलं. त्यानं खालच्याला बरोबर घेतलं. बोळातली माणसं तर थांबलीच, पण एक म्हैससुद्धा थांबली.

"क्या होना मियाँ?" पातेल्यांच्या दुकानदारानं विचारलं.

"झारा," माझ्या तोंडून निघालं. त्यानं लग्नाच्या स्वयंपाकाला लागतो तसला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीचा झारा हातात दिला.

"इंद्रजीतराव?" तात्यासाहेब समोर उभे होते. "तुमी इथं?"

"झारा घ्यायला आलो होतो."

"तोंड बांधून?"

मी रुमाल सोडला. त्यांनीच मला दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं. बराच वेळ हातातला चमचा ते उलटसुलट करत राहिले.

"तिच्या बोटाला पकड नाय आजून," ते म्हणाले. "बारीक दांडा निसटतो. घास तोंडापतूर जाईस्तवर निम्मा सांडतो. मी भरवतो, तर म्हणती दार लावा. जावयाच्या घरी नवऱ्याच्या हातानं खायची लाज वाटती तिला. तिनं चाळीस वर्सं गडी-माणसांची पंगत वाढली. आता घासासाठी तोंड उघडून बसायचं म्हणलं की रडती."

"मला सांगायचं ना, तात्यासाहेब."

"तिनं शपथ घातली व्हती. बाजारातले चमचे पातळ. तुमचे वजनदार, म्हणून नेले. माफ करा."

त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. झारा हातात धरून बसलेल्या जावयासमोर. तेवढं लाजल्यासारखं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी त्यांचे हात धरले आणि पुढचा तासभर सरदारभाईंचा हेल्पर झालो. मी पकडीत दांडा धरला, त्यांनी तापवून मान वळवली. मग दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलं. चमचा दिसायला ओबडधोबड झाला, पण मुठीत गच्च बसत होता. घरी जाताना रूपाकडं वाकडी वाट केली. ती दारातच म्हणाली, "सापडला चोर?" मी म्हणालो, "व्हय, तुझ्यासमोर उभाय." ती उद्यापासून येते म्हणाली.

संध्याकाळी दार उघडं राहिलं. मंजुषानं हात धरून आईला बाहेर आणलं आणि आम्ही चौघं एकत्र बसलो. वरण-भात, भेंडी, दही. सासूबाईंनी पदर सावरला, रबराची मूठ धरली आणि वरण-भातात चमचा घातला. आम्ही कुणीच तिकडं बघत नव्हतो. म्हणजे तसं दाखवत होतो. तात्यासाहेब भेंडीकडं बघत होते, आणि भेंडी त्यांना दिसत नव्हती हे मला दिसत होतं.

हात थरथरला. चमचा वर आला. वाटेत थांबला. पुन्हा निघाला आणि तोंडात गेला. एक शीत सांडलं नाही. तात्यासाहेबांनी टोपी काढली, उगाच झटकली आणि पुन्हा घातली.

मी मात्र श्वास रोखून सासूबाईंच्या हाताकडं बघण्यात इतका गुंगलो होतो, की माझा स्वतःचा घास तोंडाच्या बऱ्याच अलीकडं थांबला आणि तिथून सगळं वरण सरळ शर्टावर उतरलं. पांढऱ्या शर्टावर.

लग्न झाल्यापासून दाराआडूनच बोलणाऱ्या सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडं समोरासमोर पाहिलं. नीट निरखून पाहिलं. मग लेकीकडं वळल्या.

"मंजे, पाव्हण्यांच्या गळ्यात टावेल बांध गं. त्यांला आजून जमंना."

आणि मंजुषा खरोखरच टॉवेल घेऊन आली.